सरहद्दीवरचा अंमलदार



आजच्या व्याख्यानाचा विषय काहींना फार किरकोळ वाटण्याचा संभव आहे. सरहद्दीवरच्या चौकीत एखादा अंमलदार प्रवाशाशी उद्धटपणे वागला, तर त्यावर तासभर बोलण्यासारखे काय आहे? उद्धट माणसे कोठे नसतात? ती पोस्टाच्या खिडकीत असतात, कचेरीच्या पायरीवर असतात, आणि खरे सांगायचे तर आपापल्या घरांतही असतात. मग त्यांतून सरहद्दीवरचा तेवढा वेचून काढण्याचे कारण काय?

कारण असे, की इतर ठिकाणचा उद्धटपणा माणसाला बहुधा चुकविता येतो. वाणी उर्मट निघाला तर दुकान बदलता येते. कारकून खेकसला तर उद्या पुन्हा जाता येते, त्याच्या वरच्या साहेबाला भेटता येते, निदान ओळखीच्या माणसाकडून चिठ्ठी नेता येते. सरहद्दीवर यांतले काहीच चालत नाही. एक देश मागे सुटलेला असतो, दुसऱ्याने अजून आत घेतलेले नसते. कागद दुसऱ्याच्या हातात असतात. पाठीमागे रांग असते, बरोबर मुले असतात, पलीकडे गाडी सुटायची वेळ झालेली असते. अशा वेळी समोरचा माणूस काय वाटेल ते बोलला, तरी ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नसते.

त्यातही जमिनीवरची सरहद्द वेगळी. विमानतळावर जो येतो त्याच्या पाठीशी निदान एखादी विमानकंपनी असते. जमिनीवरच्या हद्दीवर पायी येणारा, बसने येणारा, डोक्यावर गाठोडे घेऊन येणारा माणूस पुष्कळदा गरीब असतो. कोणी रोजगाराला निघालेला असतो, कोणी आजारी माणसाला घेऊन इस्पितळाकडे चाललेला असतो, कोणाची लेक हद्दीपलीकडे दिलेली असते. तो तक्रार करीत नाही, कारण परतीची वाट याच दारातून आहे हे त्याला ठाऊक असते.

या अनुभवाचे सर्वांत बोलके चित्र शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे, आणि त्याचा पुण्याशीही थोडा संबंध आहे. दक्षिण आफ्रिकेत नाताळ आणि ट्रान्सवाल या दोन शेजारच्या वसाहती. बोअर युद्ध १९०२ साली संपले. युद्धामुळे ट्रान्सवाल सोडून गेलेले लोक परतू लागले. परतण्यासाठी परवाना लागे. गोऱ्या माणसाने मागितला की त्याला तो मिळे. हिंदी माणसासाठी मात्र ‘एशियाटिक’ नावाचे निराळे खाते उघडण्यात आले. त्याने आधी या खात्याकडे अर्ज करावा, मग वाट पाहावी. स्वतः गांधीजींना १९०३ च्या आरंभी प्रिटोरियास जायचे होते. डरबनच्या पोलीस सुपरिंटेंडेंटची जुनी ओळख होती, तिने त्यांचा परवाना निघाला. प्रिटोरियास पोहोचल्यावर खात्याच्या साहेबाला पहिला प्रश्न पडला तो हा, की हा मनुष्य आत आलाच कसा? पुढे साहेबाने हिंदी मंडळींना बोलाविले, तेव्हा त्यांना उभेच ठेवले, बसा म्हणण्याचीही तसदी घेतली नाही. गांधीजींनी आत्मकथेत हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

श्रोतेहो, आपण म्हणाल, खुर्ची दिली नाही एवढेच ना? पण त्या न दिलेल्या खुर्चीमागे काय होते ते पाहा. थोड्याच दिवसांत गांधीजींकडे तक्रारी येऊ लागल्या, की ज्यांना येण्याचा हक्क आहे त्यांना परवाने मिळत नाहीत, आणि ज्यांना हक्क नाही ते शंभर शंभर पौंड मोजून आत येत आहेत. गांधीजींनी पुरावा गोळा केला आणि जोहान्सबर्गच्या पोलीस कमिशनरपुढे ठेवला. दोघा अधिकाऱ्यांवर खटला झाला. गोऱ्या ज्यूरीने त्यांना सोडून दिले, पण सरकारने त्यांना नोकरीवरून काढले, आणि खाते पुष्कळ सुधारले. पुढे याच दोघांना नगरपालिकेत नोकरी मिळण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा गांधीजींनी हरकत घेतली नाही. त्यांचे भांडण त्या माणसांशी नव्हतेच, ते त्या कारभाराशी होते.

या हकीगतीवरून आम्ही पहिला निष्कर्ष काढतो तो असा. सरहद्दीवरचा उर्मटपणा हा केवळ स्वभावाचा दोष नाही. जेथे अंमलदाराला आपल्या निर्णयाचे कारण सांगावे लागत नाही, तेथे तो उगवतो, आणि त्याच जमिनीत लाचही उगवते. खुर्ची न देणारा हात आणि पैसे घेणारा हात एकाच माणसाचा असेल असे नाही. परंतु दोघांनाही एकच गोष्ट माहीत असते, ती ही, की समोरच्याला दाद मागायला जागा नाही.

दुसरी गोष्ट याहून आपल्याला लागणारी आहे. या खात्याचे अंमलदार कोठून आलेले होते? गांधीजी सांगतात, ते आशियातून आले होते. ज्या प्रकरणाला आत्मकथेत त्यांनी ‘आशियातून आलेले नबाब’ अशा अर्थाचे नाव दिले, त्यात ते म्हणतात की दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना तेथील गोऱ्या रहिवाशांचा थोडा तरी धाक होता, या नव्या मंडळींना आशियातल्या अनियंत्रित कारभाराची सवय जडलेली होती. म्हणजे ट्रान्सवालच्या कचेरीत हिंदी माणसाला जो अपमान गिळावा लागला, त्याची तालीम आपल्याच बाजूच्या कचेऱ्यांत झाली होती. घरात जे खपवून घेतले, तेच परमुलखात समोर उभे राहिले!

हद्दीवरचे स्टेशन फोक्सरस्ट. नाताळातून येणाऱ्या गाडीत हिंदी उतारूंचे परवाने तपासले जात ते येथे. १९०८ च्या ऑक्टोबरात येथेच गांधीजींना पकडले आणि दोन महिने सक्तमजुरी दिली. १९१२ साली नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा सरकारने त्यांच्या दिमतीला एक अधिकारी दिला आणि आगगाडीचा खास डबा दिला. सरकारला सभ्यपणा येत नव्हता असे नाही. तो कोणासाठी राखून ठेवायचा हे ठरलेले होते. गोखल्यांना खास डबा देणाऱ्या राज्यात त्यांच्याच देशबांधवाला बोटांचे ठसे द्यावे लागत. अखेर १९१३ च्या नोव्हेंबरात गांधीजींबरोबर २,०३७ पुरुष, १२७ बाया आणि ५७ मुले परवान्यावाचून ही हद्द ओलांडून चालत गेली. एका लहानशा चौकीवरची वागणूक किती खोल जाऊन रुतते, याची साक्ष यापेक्षा वेगळी काय हवी?

आता आपल्या घराजवळ येऊ. आज गोव्याला जाणाऱ्या तरुणाला वाटेत सरहद्द होती हे खरेही वाटणार नाही. परंतु आपल्यातील पुष्कळ घराण्यांची कुलदैवते गोव्यात, आणि १९६१ पर्यंत त्या कुलदैवताला जायचे म्हणजे परक्या अंमलात जायचे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने काही वर्षे दोन्हीकडची जकात एक झाली होती. १८९२ मध्ये तो तह संपला आणि नाकी पुन्हा बसली. आगगाडीच्या वाटेवर एका बाजूला कॅसलरॉक, दुसऱ्या बाजूला कुळे. सामान इकडेही दाखवायचे, तिकडेही दाखवायचे. देवीसाठी घेतलेली साडी नवी की वापरलेली, असा प्रश्न एखाद्या शिपायाने करावा आणि घरच्या कर्त्या पुरुषाने त्याच्यापुढे हात जोडावेत, अशा गोष्टी आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून लहानपणी ऐकल्या आहेत. १९५५ साली ती गाडी बंद पडली. १९ डिसेंबर १९६१ नंतर नाकीही गेली. जकातीचे दर किती होते हे त्या वडीलधाऱ्यांपैकी कोणाला आठवत नसे, शिपाई काय बोलला ते मात्र शब्दशः आठवे.

फाळणीनंतर जी सरहद्द झाली तिची गोष्ट तर याहून कष्टाची. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी १९४८ च्या जुलैत परवाने सुरू झाले, आणि १५ ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पासपोर्ट-व्हिसाची पद्धत आली. पूर्व बंगालात तोवर माणसे शेजारच्या गावी जावे तशी ये-जा करीत होती. त्या दिवसापासून मामाच्या गावाला जायलाही चौकी लागली. या चौक्यांवर अंमलदार आणि प्रवासी यांची भाषा पुष्कळदा एकच असते, आणि म्हणूनच तेथला अपमान अधिक लागतो. परक्या भाषेतली शिवी अर्धी कळते, आपल्या भाषेतली पुरी कळते. ‘अरे’ आणि ‘अहो’ यांतले अंतर आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

२०२५ च्या एप्रिलात, पहलगामच्या हत्याकांडानंतर, अटारीची चौकी बंद करण्याचा हुकूम झाला आणि परतणाऱ्यांना १ मेपर्यंतची मुदत मिळाली. त्या दिवसांत अटारीवर अशा स्त्रिया आल्या, की ज्यांचा पासपोर्ट हिंदुस्थानचा, सासर पाकिस्तानात आणि मुलांचे पासपोर्ट पाकिस्तानचे. मुलांना जाता येत होते, आईला येत नव्हते. हुकूम योग्य की अयोग्य, याची चर्चा येथे करण्याचा आमचा उद्देश नाही. राष्ट्राच्या रक्षणाचे निर्णय चौकीवरचा अंमलदार करीत नाही. परंतु तो निर्णय त्या आईला सांगायचा असतो तो त्यालाच. तो कसा सांगावा, हे मात्र सर्वस्वी त्याच्या हातात असते.

येथे अंमलदाराची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे एकांगी होईल. चौकीवरचे काम सोपे नव्हे. दिवसभर तेच प्रश्न, तीच गर्दी, तीच खोटी उत्तरे. दहा खरे लोक येतात आणि अकरावा खोटा कागद घेऊन येतो, आणि तो अकरावा इतरांसारखाच दिसतो. अमेरिकेत मेक्सिकोच्या सरहद्दीवर एका मोटारीची पेट्रोलची टाकी खोलण्यासाठी अंमलदारांनी मेकॅनिक बोलाविला, आणि टाकीत ३७ किलो गांजा निघाला. हे प्रकरण तेथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने २००४ साली सांगितले, की सरहद्दीवर अशी टाकी खोलण्यास आगाऊ संशयाचीही गरज नाही. शिवाय खोटा माणूस आत सोडला तर अंमलदाराची नोकरी जाते. खऱ्या माणसाला दोन तास उभे करून चार शब्द सुनावले, तर त्याचे काहीच जात नाही. ज्याला एकाच बाजूची शिक्षा आहे, तो दुसऱ्या बाजूला कलणारच. हा मनुष्यस्वभाव आहे.

म्हणून आम्ही कडकपणा आणि उर्मटपणा यांत फरक करतो. पेट्या उघडा, टाकी खोला, दहा प्रश्न विचारा. देशाच्या रक्षणासाठी ते करावेच लागेल. पण प्रश्न विचारताना माणसाच्या तोंडाकडे पाहायचे नाही, कागद परत देताना फेकायचा, म्हाताऱ्या माणसाला एकेरीत हाक मारायची, याने कोणते रक्षण होते? ती टाकी ज्या मेकॅनिकाने खोलली, तो मोटारवाल्याला शिव्या देत बसला असता, तर गांजा दोन किलो अधिक निघाला असता काय?

परदेशातल्या एका भूसीमेवर आम्ही स्वतः पाहिलेली गोष्ट सांगतो. ठिकाणाचे नाव सांगत नाही, कारण प्रश्न त्या ठिकाणाचा नाही. बसमध्ये आमच्याबरोबर सत्तरीच्या एक काकू होत्या, लेकीकडे राहायला आलेल्या. पिशवीत घरचे लोणचे आणि मेतकुटाचा डबा. अंमलदाराने डबा उघडला, पिवळी पूड पाहिली, नाकाशी नेली आणि एक शब्दही न बोलता डबा बाजूच्या पिंपात टाकला. काकू काही बोलू लागल्या, तर त्याने नुसता हात हलवून पुढे जाण्याची खूण केली. दुसऱ्या रांगेत एका बाईच्या पिशवीतली फळेही काढून घेतली जात होती. तेथल्या अंमलदाराने आधी भिंतीवरची नियमांची पाटी दाखविली, फळे का नेता येत नाहीत ते चार वाक्यांत सांगितले, आणि मग ती बाजूला ठेवली. नियम दोन्हीकडे एकच. मेतकूट गेले, फळेही गेली. ती बाई मान हलवून पुढे गेली. आमच्या काकू पुढचा सगळा प्रवास खिडकीबाहेर पाहत गप्प बसून राहिल्या. मेतकुटाची किंमत ती काय! पण आपल्याला कोणी माणसात धरले नाही, हे त्यांच्या मनातून गेले नाही.

मग याला उपाय काय? अंमलदारांना नीतिपाठ द्यावेत, असे कोणी म्हणेल. आमचा त्यावर फारसा भरवसा नाही. रोग स्वभावाचा असता तर उपदेश चालला असता. रोग बेजबाबदार सत्तेचा आहे, तेव्हा औषधही त्यावरच हवे. आणि ते सापडत नाही असे नाही. युरोपातील बऱ्याच राष्ट्रांनी शेंगेन कराराखाली आपापसांतली तपासणी उठविली आणि बाहेरच्या हद्दीसाठी २००६ साली एक समान संहिता केली. २०१६ साली ती नव्याने मांडली. तिच्यात लिहिले आहे, की तपासणी करताना माणसाच्या प्रतिष्ठेचा पूर्ण मान राखला पाहिजे. एवढेच असते तर आम्ही त्याला सुविचार म्हणून सोडून दिले असते. पण पुढे काय आहे ते ऐका. ज्याला अधिक चौकशीसाठी बाजूला घेतले जाते, त्याला त्या चौकशीचा हेतू त्याला कळेल अशा भाषेत लेखी सांगायचा. त्याने मागितल्यास अंमलदाराने आपले नाव किंवा आपला क्रमांक द्यायचा. ज्याला प्रवेश नाकारला, त्याला नेमके कारण लिहिलेला कागद द्यायचा, आणि त्याविरुद्ध अपील करता येते हेही सांगायचे. कागदावरचे सारे प्रत्यक्षात उतरते असे आम्ही म्हणत नाही. त्या हद्दींवरही रडणारी माणसे आहेत. पण आपला क्रमांक समोरच्याच्या वहीत लिहिला जाणार आहे हे ज्याला माहीत आहे, त्याची जीभ आपोआप थोडी सांभाळून चालते.

आपल्याकडेही हा विचार परका नाही. १९६७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचे ठरविले, आणि त्याच वर्षी पासपोर्टाचा कायदा झाला. १९७७ मध्ये मेनका गांधींचा पासपोर्ट सरकारने अडकविला आणि कारण सांगण्यास नकार दिला. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की माणसाचे स्वातंत्र्य काढून घेण्याची रीत न्याय्य, वाजवी आणि मनमानीपासून मुक्त असली पाहिजे. हा निकाल आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. परंतु तो आपल्या पासपोर्टासंबंधी आहे. आपल्या दाराशी येणाऱ्या परक्याचे काय? २०२५ चा परकीयांविषयीचा नवा कायदा त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू झाला, आणि त्यात इमिग्रेशन अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम आणि बंधनकारक म्हटला आहे. देशाला आपले दार राखण्याचा अधिकार आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण जेथे शब्द अंतिम असतो, तेथे तो शब्द उच्चारणाऱ्यावर दुप्पट जबाबदारी असते, एवढे आपण मानले पाहिजे.

जमिनीवरच्या हद्दींसाठी आपण २०१२ साली स्वतंत्र प्राधिकरण स्थापिले. त्याच वर्षी अटारीस आणि २०१६ साली बंगालातील पेट्रापोल येथे मोठ्या एकत्रित चौक्या उघडल्या. छपरे झाली, बाके झाली, रांगांना कठडे झाले. हे चांगले झाले. पेट्रापोलपासून कलकत्ता सुमारे ऐंशी किलोमीटर. बांगलादेशातून कितीतरी आजारी माणसे उपचारासाठी या वाटेने येत आली आहेत. त्या माणसाला हिंदुस्थान प्रथम दिसतो तो कोणत्या रूपात? ताजमहालाच्या नव्हे, आपल्या संविधानाच्याही नव्हे. काउंटरमागे बसलेल्या एका माणसाच्या रूपात. अतिथी देव आहे हे वाक्य आपण जाहिरातीच्या फलकांवर लिहिले, पण देव दाराशी आला तेव्हा त्याला ‘ए, पुढे सरक’ म्हटले, तर त्याने कोणते वाक्य खरे मानावे?

आणि हा काउंटरमागचा माणूस येतो कोठून? तो आकाशातून पडत नाही. तो आपल्याच घरातून, आपल्याच गावातून येतो. लहानपणी त्याने वडिलांना भाजीवाल्या बाईशी एकेरीत बोलताना ऐकलेले असते. तलाठ्याच्या कचेरीत शेतकरी दारातच उभा राहतो आणि ओळखीच्या सावकाराला खुर्ची मिळते, हेही त्याने पाहिलेले असते. काउंटरच्या एका बाजूला बसलेला मोठा आणि दुसऱ्या बाजूला उभा राहिलेला लहान, ही शिकवण त्याला कोणत्याही प्रशिक्षणशाळेत मिळालेली नाही. ट्रान्सवालच्या त्या अंमलदारांसारखीच त्याचीही तालीम आधी झालेली असते, आणि ती आपण दिलेली असते.

तेव्हा, श्रोतेहो, आमचे मागणे दुहेरी आहे. प्रवासाला जाल तेव्हा कागद नीट ठेवा, प्रश्नांची उत्तरे सरळ द्या, नियम असेल तो पाळा. पण अपमान झाला तर तो नशिबाचा भाग म्हणून गिळू नका. दिवस, वेळ, चौकी आणि अंमलदाराचा क्रमांक लिहून ठेवा, कारण विचारा, आणि घरी आल्यावर शांतपणे, शिवीगाळ न करता, वरिष्ठांना लिहा. एका पत्राने काही होत नाही हे खरे. पण शंभर माणसे गप्प राहतात, तेव्हा त्या गप्प राहण्याचाच नियम होऊन बसतो.

आणि दुसरे मागणे हे, की आपल्यापैकी पुष्कळजण स्वतः कोठल्या ना कोठल्या काउंटरमागे बसतात. कोणी बँकेत, कोणी कचेरीत, कोणी शाळेच्या दाखल्यांच्या खिडकीत. उद्या सकाळी त्या खिडकीशी जो पहिला माणूस येईल, त्याला ‘बसा’ म्हणा, आणि त्याचे काम होणार नसेल तर का होणार नाही ते सांगा. परदेशी अंमलदाराकडून ज्या वागणुकीची आपण अपेक्षा करतो, ती देण्याचा अधिकार आपल्या हातात आजच आहे. तिच्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, की कोणाची परवानगीही लागत नाही.